पेरभर

हांबुर्गमध्ये, एल्बेच्या दक्षिण काठावर
एका शेडमध्ये आमचं विमान उभं आहे.
पंख नाहीत, शेपूट नाही,
पोटाचा तेवढा तुकडा:
बारा ओळी, तीन-तीन-तीन.
खिडक्यांमागे दिवे लावलेत.
मी बटण दाबते, तेव्हा उजाडतं.

माझं काम खुर्च्यांमधलं अंतर ठरवायचं.
जमिनीत रूळ पुरलेले असतात,
पान्याने चार बोल्ट सैल केले
की अख्खी ओळ पुढे सरकते.
बत्तीस इंच होते. आता एकतीस हवेत.
एक इंच म्हणजे काय तर
बोटाचं एक पेर.
पण एकतीस ओळींतून पेर पेर कापलं
की शेपटाकडे बत्तिसावी ओळ उगवते,
नऊ तिकिटांची.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे.
अंथरूण मी कापते,
पाय दुसऱ्याचे.

त्या रात्री एकशे आठ माणसं बोलावली होती,
सोळा तास बसायला.
दोन जेवणं, एक पातळ पांघरूण,
बाहेर पडताना पाकिटात रोख पैसे.
नऊ-ई, मधल्या रांगेतली मधली खुर्ची:
ऊवे ब्रामर, सहा फूट चार.
बंदरात क्रेन चालवायचा, एकतीस वर्षं,
काचेच्या खोलीत, कंटेनरांच्या वर, एकटा.
अर्जात लिहिलं होतं, ‘बसण्याचा अनुभव आहे.’
डावीकडे ग्युल्टेन, रात्रपाळीची परिचारिका,
उजवीकडे कुणी पोरगा,
ज्याने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर असे टाकले
जणू वडिलोपार्जित जमीन.

सहाव्या तासाला ब्रामर उठून
चहाच्या कप्प्याशी येऊन उभा राहिला,
एक गुडघा वाकवून, मग दुसरा.
‘खरं विमान असतं तर आता कुठे असतो आपण?’
मी मनात हिशेब केला.
‘मस्कत मागे पडलं असतं.’
‘आणि पर्थ?’
‘अजून निम्मंही झालेलं नाही.’
तो हसला नाही.
मुलगी तिथे असते म्हणाला, नातू दोन वर्षांचा,
फोनच्या काचेला जीभ लावतो.
‘तिकीट काढण्याआधी
म्हटलं, गुडघ्यांना विचारून घ्यावं.’

मी दिवे मंद केले. रात्र झाली.

प्रत्येक खुर्चीच्या गादीत तारा आहेत.
वजन कुठे पडतं, किती वेळ,
ते पडद्यावर रंगांत दिसतं.
माणूस अवघडला की रंग हलतात,
लाल मांडीवरून कमरेत जातं, परत येतं.
रात्रभर एकशे आठ ठिपके
तव्यावरच्या दाण्यांसारखे तडतडत होते.
फक्त नऊ-ई
दहाव्या तासापासून तेराव्यापर्यंत
जसाच्या तसा.
यंत्राने शेजारी नोंद केली: गाढ झोप.
एकतीस इंच पुरतात.

मी पाणी घेऊन मधल्या वाटेने गेले.
ग्युल्टेनचं डोकं त्याच्या खांद्यावर,
तोंड किंचित उघडं, बिल्ला अजून छातीवर.
आणि ब्रामर, डोळे सताड उघडे,
गुडघे पुढच्या पाठीत रुतलेले,
श्वाससुद्धा बेताने घेत होता.
मला पाहून त्याने बोट ओठांवर ठेवलं.

सकाळ मी सातला लावली.
दार उघडलं तर बाहेर गाड्यांचा तळ,
झिरमिर, ओली बाकं.
माणसं आळोखेपिळोखे देत उतरली,
क्षणभर सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं,
कुठेतरी पोचल्यासारखं.
ग्युल्टेनला काहीच माहीत नव्हतं.
तिने घड्याळ पाहिलं आणि बसकडे धावली.

ब्रामरच्या कागदावर
आरामाच्या रकान्यात लिहिलं होतं:
‘गुडघे गेले. तरी जाईन.’

अहवाल वर गेला, एकतीस मंजूर झाले.
अठ्ठेचाळिसाव्या पानावर, तळाला,
बारीक अक्षरात मी एक ओळ घातली आहे:
नऊ-ई झोपला नव्हता.
अजून कुणी विचारलेलं नाही.